मीठ पोचला, नाना

नाना, परवा सोमवारी सकाळी साडेसहाला मी रिक्षा तुमच्या दारासमोर आणून उभी केली, हॉर्नवर अंगठा ठेवला आणि मग आठवलं. दहावं होऊन दोन दिवस झालेले. मंडपातल्या खुर्च्या मीच टेम्पोत चढवलेल्या. पण हाताला कोण समजावणार? दीड वर्ष सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याला एकच वाट माहीत होती. कोलशेतहून डायलिसिसच्या सेंटरला, आणि चार तासांनी परत.

हॉर्न वाजवला नाही. तरी तुमच्या लेकीला, दर्शनाताईंना, रिक्षाचा आवाज कळला. त्या खाली आल्या, हातात लॅपटॉपची ती काळी बॅग, तुम्ही गेलात त्या दिवशी मी परत दिलेली. म्हणाल्या, "गजानन, बाबांनी हा तुला द्यायला सांगितलेलं." मी नको नको म्हणत घेतली. त्या अजून काहीतरी बोलल्या, ते पुढं लिहितो. आधी मला माझं सांगू द्या, नाहीतर परत राहून जाईल.

नाना, चार्जर बिघडला नव्हता. तुम्हाला मी खोटं बोललो.

हे तुम्हाला त्या शुक्रवारीच सांगणार होतो. रस्ताभर तोंडात वाक्य घोळवत आलेलो. येऊन बघतो तर तुमच्या पायरीखाली चपलांचा ढीग. मी रिक्षात बसून राहिलो. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

तुम्ही म्हणायचात, "गजा, तू आदी घाबरतंस, मग इचार करतंस. उलटा कर जरा." आज उलटं करून बघतो. पहिल्यापासून आठवतो.

पहिले दोन महिने मी तुम्हाला फक्त सोडायचो आणि न्यायचो. मधल्या चार तासांत स्टेशनच्या शेअरच्या फेऱ्या मारायचो. तुम्ही गप्प माणूस. मागच्या सीटवर डावा हात उजव्या हाताने धरून बसायचात, एखादं तान्हं पोर धरावं तसा. उजव्या हाताची शीर चालली नाही म्हणून डाव्या हातात सुया टोचायचे, आणि तुम्ही तर डावरे. म्हणजे चार तास कामाचा हात मशीनला बांधलेला.

मग तुमचा नातू होस्टेलला गेला आणि त्याचा जुना लॅपटॉप घरी राहिला. त्यात तो खेळ होता. नकाशावर वसाहत करायची, शेती करायची, शहरं वाढवायची, शेजाऱ्यांशी व्यापार नाहीतर भांडण. घाई नाही, आपली पाळी आपण खेळायची, बटण दाबलं की दुसऱ्यांची पाळी. तुम्हाला तो नकाशा आवडला, कारण किनाऱ्यावर एक खाडी होती. "ही आपलीच हाय," म्हणालात. पण उजव्या हाताने पडद्यावरचा बाण काही जागेवर बसेना. बाण शेतावर न्यायला जायचात, तो समुद्रात. एका बुधवारी मी तुम्हाला बेडवर बसवून निघालो, तर मागून आवाज आला.

"कुठं चाललास?"

"फेऱ्या मारायला, नाना."

"बस हितं. तुजा हात माजा, माजा डोका तुजा. बग जमतंय का."

मी बसलो. सिस्टर ओरडली, की पेशंटसोबत एकच जण, तोही नातेवाईक पाहिजे. तुम्ही तिला शांतपणे म्हणालात, "यो माजा डावा हात हाय. त्याला भाएर कसा काडू?" ती हसली, तिथंच आपलं काम झालं.

नाना, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. हिंगोलीकडून इथं आलो तेव्हा बसच्या पाट्या वाचायलाही मला वेळ लागायचा. इंग्रजी दिसलं की मी नजर दुसरीकडं वळवतो, अजून वळवतो. आणि तुम्ही चौथी. आपण दोघं मिळून बारावी झालेलो, असं तुम्ही सिस्टरला सांगायचात. पहिले तीन आठवडे तो लाल आकडा म्हणजे शहराची माणसं असं समजून आपण तो वाढवत बसलेलो. आकडा मोठा झाला की तुम्ही खूश. मग एकदा सिस्टरने वाकून वाचलं आणि म्हणाली, "आजोबा, ही उपाशी माणसं आहेत." तुम्ही एवढे हसलात की मशीन वाजायला लागलं. मी मात्र हादरलो. घरी जाऊनही मला ती उपाशी माणसं दिसत होती.

त्या दिवसापासून मी शब्द उतरवून घ्यायला लागलो. वहीत एक शब्द इंग्रजी, समोर मराठी. शाळेत मास्तरांनी छडीने जे शिकवलं नाही ते मी तुमच्या उशाशी बसून शिकलो. हे तुम्हाला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, "बस झाली आरती, पाली खेल."

आणि आपली भांडणं! सगळ्यात उत्तरेला डोंगरापलीकडं आपण एक शहर वसवलं. तुम्ही विचारलं, तुझ्या गावाचं नाव काय. मी म्हणालो, सावळी. तुम्ही "सावली" म्हणून तेच नाव द्यायला लावलंत. झालं, त्या दिवसापासून माझा जीव तिथं टांगलेला. शेजारी दुसऱ्या राजाचं सैन्य. मी रोज म्हणायचो, नाना, सावळीला तट घालू. तुम्ही म्हणायचात, आदी रस्ता.

"नाना, सैन्य दिसायलंय तिथं."

"दिसायलंय, करायलंय! काय ती भाषा तुजी! दिसू दे. त्याच्याकडं मीठ हाय का?"

"मीठ ह्या खेळात नाहीच की."

तुम्ही माझ्याकडं वळलात. मग म्हणालात, "नाय? मंग यो खेल अर्धा हाय."

तिथून मॉडचं वेड लागलं. मॉड म्हणजे मूळ खेळात कुणा हौशी माणसाने घातलेली भर. कंपनी करत नाही, खेळणारेच करतात आणि बाकीच्यांना फुकट वापरायला देतात. दर्शनाताईंनी एक शोधून दिलं. कुठल्या देशातल्या कुणा माणसाने खेळात मिठागरं घातलेली. किनाऱ्यावर बांध घालायचा, पाणी अडवायचं, ऊन लागलं की मीठ. आणि मिठाची होडी, जी शहरा-शहराला जाते. तुम्ही मला ते चित्र मोठं करायला लावलंत. मग म्हणालात, "बांध चुकीचा घातलाय त्यानी. त्याला लिव, सरल नको, खाडीच्या पोटासारका घाल."

मी विचारलेलं, नाना, असं बाहेरचं काही घालून खेळणं म्हणजे चिटिंग नाही का? तुम्ही म्हणालात, "खेल त्यांचा, मीठ आपला. चिटिंग कसली?"

एरवी माझ्या दिवसात खेळायला जागा होती कुठं! सकाळी तुम्ही, दुपारी शाळेची पोरं, संध्याकाळी स्टेशन. खोलीवर आम्ही तिघं गाववाले, तिथं लॅपटॉप उघडला की दोन डोकी मध्ये. मग मला जागा सापडली, सीएनजीच्या रांगेत. तासभर रांग हलत नाही. मी मागच्या सीटवर बसायचो, मांडीवर तुम्ही माझ्याकडं ठेवायला दिलेला लॅपटॉप, आणि मॉडच्या फायली उघडून एकेक ओळ बदलून बघायचो. एक स्वल्पविराम चुकला की अख्खा खेळ उघडायचाच नाही, आणि माझ्या तळहाताला घाम. मागचे रिक्षावाले ओरडायचे, "ओ इंजिनियर, रिक्षा ढकला पुढं!" आठवी नापास माणसाला इंजिनियर म्हणायचे, नाना. वरून मी चिडायचो, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

होडी शहराला लागली की पडद्यावर एक ओळ यायची, इंग्रजीत. ती आपण बदलायची ठरवली. मराठी अक्षरं टाकून बघितली तर नुसते रिकामे चौकोन. मग इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं ठरलं. मी म्हणालो, काय लिहू? तुम्ही मशीनकडं बघत होता.

"लिव. मीठ पोचला. आता जेवा."

मला वाटलं मस्करी. तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "लिव रं. नंतर सांगतंय." मी एका बोटाने टाइप केलं. तुम्ही मला ती ओळ तीनदा वाचायला लावली.

पण ती ओळ आपल्याला दिसलीच नाही. मिठागर बांधायला, मग होडी बांधायला कितीतरी पाळ्या गेल्या. शेवटी होडी भरली. कुठं पाठवू, मी विचारलं. मला वाटलेलं जवळच्या बंदराला. तुम्ही बोट सरळ वर नेलंत. "सावलीला."

"नाना, सावळी सगळ्यात लांब आहे. डोंगराला वळसा घालून नदीतून जावं लागेल. तेवढ्या वेळात तट होईल तिथं."

"लांब हाय म्हनून तर."

होडी निघाली. बुधवार होता. चार पाळ्या झाल्या, आठ उरल्या, आणि मशीन थांबलं. त्या शनिवारी तुमचा वाढदिवस होता.

आता माझी चूक. गुरुवारी सीएनजीच्या रांगेत मला वाटलं, नानांना काहीतरी देऊ. त्या मॉडच्या फोल्डरला त्या परक्या माणसाने कसलं तरी नाव दिलेलं. मी म्हटलं, बांध नानांनी सुधारला, ओळ नानांची, तर नाव त्याचं का? ते सवयीने वहीत उतरवलं, मग खोडून मी तुमचं नाव लिहिलं. जोमानाना. मॉडच्या यादीत ते दिसायला लागलं, काय छान दिसत होतं! म्हटलं शुक्रवारी दाखवू. मग खेळ उघडायला गेलो तर उघडेना. आपली वर्षभराची सगळी शहरं, मिठागरं, होडी, सावळी, सगळ्याच्या जागी एक इंग्रजी ओळ, की हे काहीतरी सापडत नाही. मी पाच वेळा बंद केलं, चालू केलं. मग माझं डोकंच चालेना. मला वाटलं सगळं पुसलं गेलं. माझ्या हातून.

आणि शुक्रवारी तुम्ही बेडवर टेकलात, हात पुढं केलात सुयांना, आणि म्हणालात, "काड, होडी बगू." मी म्हणालो, "नाना, चार्जर बिघडलाय."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एक सेकंद जास्तच बघितलंत. मग म्हणालात, "बरा. मंग आज गप्पा."

सहा वेळा मी ते खोटं बोललो. दोन शुक्रवार, दोन सोमवार, दोन बुधवार. मध्ये रविवारी लॅपटॉप तुम्ही घरी मागून घेतलात, नातवाचा जुना चार्जर लावून बघतो म्हणालात. माझा जीव टांगणीला लागलेला. सोमवारी काहीच बोलला नाहीत. बॅग परत माझ्या हातात दिलीत, "दुकानात दाकव कवातरी," एवढंच.

पण त्या सहा दिवसांत तुम्ही जे बोललात, ते आधीच्या दीड वर्षात बोलला नव्हता. मिठागरात चालताना पाय कसा टाकायचा, भरतीचं पाणी कुठल्या तिथीला आत घ्यायचं, तुमच्या आईच्या टाचांना पडलेल्या भेगांत मीठ जाऊन ती कशी झोपेत कण्हायची. आता तिथं टॉवर आहेत, रोज मी तिथूनच रिक्षा नेतो, आणि मला काहीच माहीत नव्हतं. आणि त्या ओळीचं सांगितलंत. तुमचे वडील मिठाची होडी पलीकडं पाठवायचे. वाटेत पाणी आत शिरलं की मीठ विरघळायचं, सगळी मेहनत खाडीत. म्हणून होडी सुटली की पलीकडून निरोप येईपर्यंत ते जेवायचे नाहीत. घरात कुणीच नाही. मग कुणीतरी बांधावरून ओरडत यायचं, मीठ पोचला! की तुमची आई ताटं मांडायची.

"भुकेनी पोटात कावले ओरडायचे. पन सांगू, तसा जेवान परत कवा लागला नाय."

हे तुम्ही मला बिनमिठाची भाकरी हातात धरून सांगितलंत. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. मी म्हणालो, नाना, मिठागरात जन्मलेल्या माणसाला मीठ बंद, हा काय न्याय? तुम्ही म्हणालात, "माज्या वाट्याचा खाऊन झाला. तू खा." आणि माझ्या डब्यातल्या मिरचीच्या ठेच्याकडं असं बघितलंत की मी डब्याचं झाकण लावलं.

शेवटच्या बुधवारी, उतरताना, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बांध फुटला ना, की माणूस वाहतं पानी बगत बसतो. पानी नको बगू. आपला शेवटचा पाय कुठं पडला तो बग. बांध आपल्याच पायानी फुटतो." मला वाटलं मिठागराचंच चाललंय अजून. मी हो हो म्हणालो आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी रात्रभर ठरवलं, शुक्रवारी सांगून टाकू.

आता दर्शनाताई काय बोलल्या ते. बॅग माझ्या हातात देताना त्या हसल्या, म्हणजे डोळे भरलेले आणि हसल्या. म्हणाल्या, "त्या रविवारी बाबांनी लॅपटॉप उघडलेला. मला वाचायला लावलं. त्या मॉडच्या यादीत त्यांचंच नाव! एवढे हसले ना रे, चहा सांडला. मी म्हटलं, बाबा, खेळ उघडत नाहीये, गजाननला विचारते. तर म्हणाले, कोनी काय इचारायचा नाय त्याला. घाबरलाय तो. बोलेल तवा बोलेल."

नाना, तुम्हाला माहीत होतं! सोमवारी माहीत होतं, बुधवारी माहीत होतं. मी तुमच्या तोंडावर चार्जरची वायर कशी तुटली त्याचं वर्णन करत होतो आणि तुम्ही मान हलवत होता! एवढा राग आला मला तुमचा. एक शिवी घालायची होतीत, मी मोकळा झालो असतो. असं वाट बघत बसतात का? आणि थांबायचं तर अजून दोन दिवस थांबायचं होतंत.

मी तिथून सरळ सीएनजीला गेलो. रांग पुलापर्यंत आलेली. मागच्या सीटवर बसलो, लॅपटॉप उघडला. तीच इंग्रजी ओळ, काहीतरी सापडत नाही. तळहाताला तोच घाम. मग तुमचा बांध आठवला. पाणी बघू नको. शेवटचा पाय कुठं पडला? मी कुठल्याच ओळीला हात लावला नव्हता. स्वल्पविराम हलवला नव्हता. मी फक्त नाव बदललेलं. खेळ जुनं नाव शोधत होता आणि त्याला तुमचं सापडत होतं.

म्हणजे तुमचं नाव खोडायचं होतं.

नाना, रांग दोनदा पुढं सरकली, मागून हॉर्न झाले, मी हललो नाही. दहा दिवसांपूर्वी तुम्हाला खांदा दिलेला. आता एकेक अक्षर मागं जाऊन पुसायचं. नाना गेलं. जोमा गेलं. मग वहीत बघून त्या परक्या माणसाने दिलेलं नाव लिहिलं, एकेक अक्षर बोट ठेवून.

खेळ उघडला. सगळं जिथल्या तिथं. तुमची खाडी, वाकडी मिठागरं, आणि नदीच्या तोंडाशी होडी, थांबलेली. आठ पाळ्या लांब.

एका बैठकीत आठ पाळ्या खेळता आल्या असत्या. पण मी तुमच्या हिशेबाने गेलो. सोमवारी चार. आज बुधवार, उरलेल्या चार. सावळीला अजून तट नाही. पैसा पुरेसा होता, बटणावर बाण नेलेला, खरं सांगतो, मोह झाला. पण तुम्ही म्हणालेलात आदी रस्ता. ह्यावर आपलं भांडण अजून संपलेलं नाही, मला तुमचं पटलेलं नाही. तरी नाही घातला. दुसऱ्या राजाचं सैन्य डोंगरावर उभं आहे आणि माझा जीव अर्धा आहे, एवढं तुमच्या नावावर लावा.

आज सकाळी माझा डबा भरलेला होता. भाकरी, पिठलं, ठेचा. नऊ वाजता भूक लागली, दहाला लागली. मी उघडला नाही. आईचा गावाकडून फोन आला, नेहमीसारखं, जेवलास का रे बाळा? म्हटलं, थोडं थांब आई, निरोप यायचाय. कोणाचा? म्हटलं, सांगतो नंतर.

अकरा वाजता रांगेत लागलो. पहिली पाळी. दुसरी. तिसऱ्या पाळीला पाऊस दाखवला नदीवर आणि मी होडीवर बोट धरून बसलो, खेळ आहे हे माहीत असून. चौथी. उजवीकडचं खालचं गोल बटण मी दाबलं. होडी सावळीच्या काठाला लागली आणि पडद्याच्या मधोमध ती ओळ आली, इंग्रजी अक्षरांत, माझ्या एका बोटाने लिहिलेली. एक अक्षर चुकलंय त्यात. राहू दे.

मीठ पोचला. आता जेवा.

मागून आवाज आला, "ओ इंजिनियर, रिक्षा घ्या पुढं!"

मी म्हणालो, "तू जा रे बाबा पुढं. मी जेवायलोय."